मायची थैली

टायपिंग क्लासच्या मशीनवर खटाखट बडवून राह्यली, कारण सांगितल्याबिगर मले राहवतच नाही!

महाराष्ट्र नुकताच झालता. मायच्या उजव्या कुशीत लय दुखे. बुलढाण्याच्या डॉक्टरनं तिले गोळ्या चारून एक्स-रेचा फोटो काढला, तं पित्ताची थैली फोटोत उमटलीच नाही. "खडे असतीन," म्हणे. पोट उघडलं तं खडा एकबी नाही, थैलीत बोराएवढी गाठ! थैली काढून त्यानं औषधाच्या पाण्यात, बरणीत ठेवली. "अशी गाठ म्या पायली नाही. नागपूरले तपासाले न्या. खराब असन अन् थैलीच्या बाहेर गेली असन, तं पुन्हा पोट उघडा लागन."

पण आमच्या देऊळघाटच्या घरात रीत अशी, का देहाचा तुकडा निघाला तं मीठ टाकून आपल्याच वावरात पुरायचा. बा वारल्यापासून घरात काकाचंच चाले. त्यानं बरणी उचलली. मिठाची पुडी खिशातच होती!

मी दवाखान्याच्या दारात आडवी झाली. "काका, ठेवा ते!"

"सरक वं पोरी! देह इथं, तुकडा नागपूरले. तिले गती कशी भेटन?"

खाटेवरून माय बोलली, टाके दाबून. "भाऊजी, मी जित्ती हाव न? मंग मले आताच काऊन पुरता?"

मी बरणी हिसकली.

"एकटी पोरगी नागपूरले जाईन?" काका ओरडला.

"हाव, जाईन!"

नांदुऱ्याहून गाडी धरली. बरणी फडक्यात बांधून मांडीवर. समोरची बाई म्हणे, "कायचं लोनचं हाय वं?"

"लोनचं नाही, माय हाय," म्या म्हटलं. ती सरकून बसली.

आठ दिवसांनी नागपूरच्या डॉक्टरी कॉलेजातून कागद आला. गाठ खराबच होती, कॅन्सरची, अन् क्वचित भेटणाऱ्या जातीची. पण थैलीच्या आतच होती, बाहेर गेलीच नव्हती! पुन्हा पोट उघडाची गरज नाही, फक्त दर तीन महिन्याले दाखवा. खाली लिवलं होतं, शिकणाऱ्या पोरायसाठी थैली आमच्याकडंच ठेवू का?

"पायलं?" काका उसळला. "आता वापसबी देत नाहीत!"

मायनं उत्तर मले सांगितलं, म्या जसंच्या तसं बडवलं: "ठेवा. पोरायले नीट दाखवा. मी कामाले लागली."

मंग तिनं काकापुढं हात केला. "आणा ती पुडी इकडं. वरण अळणी झालं."

काकानं दिली. अन् दोन वाट्या वरण प्याला.