शकूचा डूख

शकूला राग चटकन यायचा नाही, पण एकदा आला की जायचाही नाही. तारापूरच्या किनाऱ्यावर कोळीवाड्यात तिचं घर. नवरा जानू होडीवर, सासू बायडी ओट्यावर मासळी सुकवायला, आणि शकू रोज सकाळच्या एस.टी.ने पाटी घेऊन बोईसरला. वाड्यातल्या बायका नव्या सुनांना सांगायच्या, "शकूशी भांडलीस तर तिथल्या तिथं मिटव गं. घरी नेऊ देऊ नको. घरी नेलेलं भांडण ती मीठ लावून ठेवते."

त्या वर्षांत, म्हणजे साठ-पासष्टच्या सुमाराला, बोईसरच्या बाजूला बांधकामं निघाली होती. भाताच्या खाचरांच्या कडेने मजुरांच्या झोपड्या उठल्या. कुणी मासवणकडून आलेले, कुणी पार उत्तरेकडून. दिवसभर खडी फोडायची, सिमेंट कालवायचं आणि संध्याकाळी भाकरीबरोबर काहीतरी ओलं हवं. शकूची पाटी तिथे तासाभरात रिकामी व्हायची.

झोपड्यांवर राज्य मुकादम रामनाथचं. कडक उन्हातही पुऱ्या बाह्यांचा सदरा, डोक्याला चमेलीचं तेल, गळ्यात शिट्टी. भाजीवाली त्याला टोमॅटो द्यायची, पानवाला विडा. शकूकडून दर शुक्रवारी दोन पापलेटं जायची. पहिल्या वर्षी तिने दिली. दुसऱ्या वर्षी होड्या रिकाम्या परतायला लागल्या तेव्हा ती म्हणाली, "मुकादम, आता जमनार नाय. माज्याच घरात बारीक मांदेली शिजतात."

रामनाथ हसला.

झोपड्यांमध्ये तेव्हा एक खाज पसरली होती. बायका, पोरं, गडी सगळे नखांनी अंग ओरबाडत होते. एका बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, रामनाथ शकूच्या पाटीपाशी येऊन उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "इसीकी मछली से हुआ है सब. सड़ी मछली बेचती है." आणि त्याने पायाने पाटी उलथवली.

बोंबील धुळीत लोळले. कुत्रं एक उचलून पळालं, तसे लोक हसले. काल उधारीवर मासळी नेलेले, "शकूबाय, शकूबाय" करणारे, तेच हसले. झोपड्यांतली मासवणची तानी तेवढी वाकून बोंबील गोळा करायला लागली, तर कुणीतरी तिला हटकलं, "हात नको लावूस, अजून खाजेल."

शकू रडली नाही. तिने मासळी पाटीत भरली, पदर खोचला आणि रामनाथकडे एकदा नीट बघून घेतलं. नागीण बघते तसं.

घरी सगळं ऐकून बायडीने विचारलं, "कुटं उठलंय त्यांना?"

"हाताला, कमरेला. रातचं लई खाजतं म्हनतात. महिना झाला."

"महिना?" बायडीने हातातला सुका बोंबील खाली ठेवला. "अगं, शिळ्या बांगड्याच्या गांदी काय महिनाभर ऱ्हातात? खाल्ला की घटकाभरात तोंड लालबुंद, कान गरम, अंगावर ह्ये एवढाले चट्टे. सकाळी उटून बगावं तर काय नाय. मासा असा महिनाभर कुनाच्या अंगात बसत नाय."

म्हणजे मुकादम धडधडीत खोटं बोलला होता. शकूला तिथल्या तिथं उठून बोईसर गाठावंसं वाटलं. पण नुसत्या ओरडण्याला कोण भीक घालतं? तिने तो राग गिळला आणि दोन दिवसांनी तानीला आणि तिच्या तान्ह्या बुधाला घेऊन गाडीने पालघर गाठलं.

सरकारी दवाखान्यात ही रांग. पुढच्या गवंड्याचे हात भेगाळून रक्ताळले होते. डॉक्टरांनी ते उलटेपालटे करून बघितले, म्हणाले, "हे सिमेंट. जिथे लागलंय तिथेच आहे बघ. हात धुऊन तेल लाव." एका पोराच्या मानेवर बारीक लाल पुरळ होतं. "घामोळं. अंगातलं लोकरी झबलं काढ आधी." मग तानीची पाळी आली. डॉक्टरांनी तिची बोटं फाकवली, बेचक्यांत बघितलं, मनगट बघितलं, कमरेशी बघितलं. मग भिंग शकूच्या हातात दिलं.

"दिसते ही बारीक रेघ? कातडीत बीळ करून किडा बसलाय. ही खरूज. रात्री अंग गरम झालं की किडा वळवळतो. मोठ्यांच्या तोंडावर येत नाही, बोटांच्या बेचक्यांत, काखेत, कमरेला येते. तान्ह्या मुलांच्या मात्र तळहाता-तळपायांवरसुद्धा."

"मासळीनं होते का ओ?" शकूने विचारलं.

"मासळीने? छे! एकाच्या अंगाची दुसऱ्याला लागते. एका अंथरुणात झोपलं, एकच पांघरूण घेतलं की झालं." डॉक्टर तानीकडे वळले. "तुमच्याकडे पांघरुणं कुणाची?"

तानी म्हणाली, "मुकादमाची. भाड्यानं देतो. एक मानूस गेला की तीच घोंगडी दुसऱ्याला."

"धुतो का?"

"कशाला धुतोय?"

शकूच्या अंगावर काटा आला. आनंदाचा. ज्याच्या घोंगडीतून रोग पसरला त्यानेच तिची पाटी लाथाडली होती! परत येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघून एकटीच हसत होती. तानी जरा घाबरलीच.

डॉक्टरांनी सगळ्या झोपड्यांना पुरेल एवढं पांढरं औषध दिलं होतं, तान्ह्यांसाठी गंधकाचं मलम वेगळं. बजावलं होतं, सगळ्यांनी एकदम लावायचं, एकाला वगळलं तर त्याच्याकडून परत सगळ्यांना. शकूने झोपडी-झोपडी फिरून बायकांना बोटं फाकवून दाखवली. गळ्यापासून तळपायापर्यंत औषध, तीन दिवस. कपडे उकळत्या पाण्यात. मुकादमाची घोंगडी मुकादमाच्या दारात.

"आन् मुकादमाला औषद?" तानीने विचारलं.

"त्याला जी देईल तिला माजा मासा जन्मात मिळनार नाय."

डॉक्टरांचं बोलणं शकूच्या ध्यानात होतं. पण घोंगडीच त्याच्या दारात पडल्यावर तो कुणाला रोग देणार? तिने हिशेब केला होता आणि तो तिला गोड लागला होता.

एका सकाळी रामनाथच्या झोपडीसमोर घोंगड्यांचा ढीग लागला. त्याने शिट्टी फुंकली, शिव्या दिल्या. पण सगळेच गप्प, तर मारणार कुणाकुणाला? पुढच्या काही आठवड्यांत झोपड्यांची अंगं निवली. पोरं रात्रभर झोपायला लागली. गिऱ्हाइकं खाली मान घालून शकूच्या पाटीशी परत आली. तिने त्यांना मासळी दिली, पण पहिल्यासारखा वर एखादा बोंबील टाकला नाही.

आणि मग सगळ्यांना दिसलं की खाजवणारा आता एकच उरला आहे. पुऱ्या बाह्यांचा सदरा त्याने कशासाठी घातला होता, तेही कळलं. कडुनिंबाचा पाला झाला, रॉकेल चोळून झालं. दवाखान्यात जायची सोय नव्हती. घोंगड्यांची गोष्ट तिथून ठेकेदाराच्या कानावर गेली तर मुकादमी जाणार. तो बाजारात खांबाला पाठ घासायला लागला की शकू शेजारच्या भाजीवालीला ऐकू जाईल अशा बेताने विचारायची, "काय गं, ह्यानं तर कितीक महिन्यांत माजा मासा चाखला नाय. मंग ह्याला कशानं झालं?"

लोक हसायचे. तेच लोक. शकू ते हसू घरी घेऊन जायची आणि जानूला सांगायची. जानू म्हणायचा, "झालं ना तुजं? सोड आता."

"अजून नाय."

पावसाळा सरल्यावर एक दिवस एक परकी बाई पाटीपाशी आली. डोक्यावरून पदर, कडेवर दीड-दोन वर्षांची पोर. "दीदी," ती म्हणाली, "सब कहते हैं, खुजली की दवा तुम्हारे पास है." तिने पोरीचे हात पुढे केले. इवल्या तळहातांवर पाणी भरलेले फोड, मनगटावर ओरबाडे. पोर रडून रडून थकून गेली होती.

"कुनाची गं तू?"

"मुकादम की घरवाली. चंद्रकांता. गांव से आए दो महीने हुए."

शकूचा हात पाटीच्या काठावर तसाच राहिला. हिशेबात ही पोर नव्हती. तिने पोरीचा हात हातात घेतला, तर पोरीने तिचं बोट घट्ट धरलं. शकूला वाटलं, राग आता उतरेल. तो उतरला नाही. पोरीची कीव आणि बापाचा डूख, दोन्ही एकाच पोटात बसले.

गंधकाचं मलम उरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने ते आणून दिलं, कसं लावायचं ते स्वतः लावून दाखवलं. मग म्हणाली, "ह्यानं एवड्यानं भागनार नाय. तुजं, तुज्या नवऱ्याचं, सगळ्यांचं एकदम झालं पायजे. नायतर पोरीला परत होईल. पन त्याचं औषद तुज्या हाती देनार नाय. त्याला पाटव. बाजाराच्या दिवशी, सगळ्यांदेखत."

चंद्रकांताला मराठी किती कळलं कोण जाणे. पण बाजाराच्या दिवशी रामनाथ आला. चमेलीचं तेल नव्हतं, डोळे रात्री जागून लाल झालेले. खालच्या आवाजात म्हणाला, "दवा दे दो, बाई. बच्ची के लिए."

"उचल पाटी."

"क्या?"

"तू लाथ मारलेलीस, ती पाटी. घे डोक्यावर. झोपड्यांपर्यंत चल."

त्याने इकडेतिकडे बघितलं. मग वाकला. बर्फाचं आणि मासळीचं खारट पाणी पाटीतून त्याच्या मानेवर, बाह्यांत, ओरबाडलेल्या दंडांवर गळायला लागलं. त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले. शकू मागून चालत होती.

"ओरड. शकूची मासळी ताजी, म्हन."

"शकू की मछली..."

"मोठ्यानं."

"ताज़ी मछली! शकू की मछली!"

ह्या घडीची ती किती महिने वाट बघत होती. तिला वाटलं होतं, लोक टाळ्या पिटतील. कुणी हसलं नाही. गवंडी थापी हातात धरून उभे राहिले. तानीने तोंड फिरवलं. चंद्रकांता पोरीला घेऊन दारात उभी होती आणि पोर बापाकडे हात करून रडायला लागली. रामनाथच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मिठाचं की आणखी कशाचं, ते शकूने बघितलं नाही. मध्येच थांबावं असं एकदा तिच्या मनात आलं. थांबली नाही. शेवटच्या झोपडीपर्यंत तिने त्याला चालवलं.

मग पाटी उतरवून घेतली आणि पांढऱ्या औषधाची उरलेली बाटली त्याच्या हातात दिली. "दोगं नवराबायको एकदम लावा, पोरीला मलम परत. बोटांच्या बेचक्यांत लाव. नखांखाली लाव. कमरेला, काखेत, तळपायाला. घोंगडी उकळ. आन् औषदानंतरबी पंदरा दिवस खाजेल, घाबरू नको. ते मेलेल्या किड्यांचं असतं." सांगण्यात तिने काडीची कसूर केली नाही.

तिघंही बरी झाली. घोंगड्या भाड्याने देणं बंद झालं. रामनाथ तिथे आणखी वर्षभर होता, पण शकूने त्याला कधी मासळी विकली नाही. चंद्रकांता यायची, तिला ती वर दोन बोंबील टाकून द्यायची आणि पोरीची बोटं फाकवून बघायची.

त्या बाजाराच्या संध्याकाळी शकू घरी आली, तेव्हा जानू जाळं विणत बसला होता. वाड्यात खबर तिच्या आधी पोचली होती.

"झालं समाधान?" त्याने विचारलं.

शकूने पाटी उलटी करून ओट्यावर ठेवली. "त्याचं मला काय वाटत नाय," ती म्हणाली. "पोरीनं बगितलं, तेवडं नको होतं."

आणि ती पाय धुवायला विहिरीकडे गेली.