गाडी काढायची म्हणजे

जुन्या, उघड्या टपाच्या गाडीचा आवाज घ्यायचा तर गाडीत बसून उपयोग नसतो. तिथे फक्त वारा ऐकू येतो. एक माईक मागच्या बंपरखाली, सायलेन्सरपासून जरा बाजूला, चिकटपट्टीने बांधायचा. दुसरा बॉनेटच्या आत, जिथे फार तापत नाही अशा कोपऱ्यात. तिसरा, सगळ्यात छोटा, आत बसलेल्या माणसाच्या कपड्यांत, कॉलरच्या किंवा पदराच्या आतल्या बाजूला. मग आपण मागच्या गाडीत बसायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि गप्प राहायचं. हे शेवटचं मला चांगलं जमतं. म्हणून तर माझ्या आतेभावाने मला या कामात घेतलं.

दादाचं एक चॅनल आहे. जुन्या स्पोर्ट्स कार आणि चांगले रस्ते, एवढाच विषय. भंडारदऱ्याच्या धरणाभोवतीचा रस्ता, घाट, पावसाळ्यानंतरची माळरानं. तो बोलतो, कॅमेरा आणि ड्रोन सांभाळतो. आवाज माझ्याकडे. शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे सबटायटल्सही माझ्याकडेच आली. घरात माझ्या मराठीची कायम थट्टा होते. भाजीवाला एकोणसत्तर म्हणाला की मी त्याला मोबाईलवर आकडा दाखवायला लावते, हा किस्सा आत्या प्रत्येक लग्नात सांगते.

काका आणि काकू आमचे नात्यातले नाहीत. दादा त्यांच्याकडे पहिल्यांदा गेला तो गाडीसाठी. नगरमध्ये काकांचं स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं. तरुणपणी त्यांनी लष्करातल्या एका साहेबाकडून दोन सीटांची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी स्पोर्ट्स कार घेतली. साहेबाची बदली झाली होती आणि गाडी बंद पडलेली होती. काकांनी ती हळूहळू उभी केली. काकू पुणतांब्याकडच्या. त्यांना गाडीत बसायला दोघांचा हात लागतो आणि उतरायला तिघांचा.

"माणसानं बसायचं का माकडानं?" त्या दर वेळी म्हणतात. आणि दर वेळी बसतात.

पहिलं शूटिंग आम्ही करंजी घाटात केलं. डोंगर हिरवे होते, रस्त्याच्या कडेला बायका पाट्यांत सीताफळं घेऊन बसल्या होत्या. पुढे काका-काकूंची गाडी, मागे आम्ही. काकूंच्या पदरात माईक होता. गाडी वळणावर खालच्या गिअरमध्ये आली की आवाज एकदम जाड व्हायचा, आणि त्याच्यावर काकूंचं बोलणं.

"किती दिवस सांगते, काढायची म्हणते मी ही."

"काढू की," काका म्हणाले. "दसऱ्याला नक्की काढू."

मग दोघं हसले. मागच्या गाडीत मला तो हशा अगदी कानाशी ऐकू आला. दादाला तो तुकडा फार आवडला. त्याने तो व्हिडिओच्या शेवटी लावला.

सबटायटल लिहायला मी बसले तेव्हा मला स्वतःचं जरा कौतुक वाटलं, हे खरं आहे. गाडी काढणे म्हणजे गाडी बाहेर काढणे, हे कोणालाही कळलं असतं. पण मामाच्या गावाला 'म्हैस काढली' म्हणजे विकली, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. काकूंना विकायची आहे, हे तर उघड होतं. मग काकांच्या ओळीखाली मी इंग्रजीत लिहिलं की दसऱ्यापर्यंत मी गाडी नक्की विकतो. एकोणसत्तर न समजणाऱ्या मुलीला हा अर्थ समजला होता. हशाखाली काही लिहायचं नसतं, म्हणून तिथे काही लिहिलं नाही.

व्हिडिओ पुष्कळ लोकांनी पाहिला. मग पुण्याच्या एका गृहस्थांचा चॅनलवर मेसेज आला की गाडी बघायची आहे. दादाला वाटलं नुसती बघायचीच असेल. आम्ही त्यांना काकांच्या घरी घेऊन गेलो.

माणूस चांगला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मग चांगल्या पँटवर जमिनीवर आडवा होऊन खालून बघितलं. उठला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते.

"सर, मी हिला जपेन," तो म्हणाला.

"जपाल हो. पण विकायची आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच, सर. व्हिडिओत."

त्याने मोबाईल पुढे धरला. काकांनी चष्मा लावला. घाट, गाडी, आणि खाली माझी ओळ. काकांनी ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचली. तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या.

"ऐकलंस का? मी दसऱ्यापर्यंत गाडी विकतोय म्हणे."

त्यांचा आवाज चेष्टेचा होता. त्यांनी चेंडू टाकला होता आणि काकू तो परत टाकतील याची त्यांना खात्री होती. काकूंनी टाकलाही.

"आता जगानं वाचलं की. आता कसं फिरवायचं?"

नेहमीसारखं, टोमण्याच्या सुरात. पण पाहुणा समोर होता, आणि पाहुणा हसला नाही. काका काकूंकडे बघत राहिले. काकू ट्रे तसाच धरून उभ्या. मग काका थोडंसं हसले आणि म्हणाले, "बरं. मग दसऱ्याला घेऊन जा."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. काका, ते तुम्ही म्हणाला नाहीत, ते मी लिहिलंय. एवढंच वाक्य. ते माझ्या डोक्यात आधी इंग्रजीत आलं. मी ते मराठीत करेपर्यंत त्यांचं आर. सी. बुकाबद्दल बोलणं सुरू झालं होतं. मी दादाच्या कानात सांगितलं, तर तो म्हणाला, "नंतर बोलू. आत्ता बरं दिसत नाही."

त्याच संध्याकाळी मी सबटायटल बदललं. त्याने काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटी काकांकडे गेले. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट होती. ते शेडमध्ये गाडीचा आरसा पुसत होते.

"काका, सबटायटल माझं चुकलं. तुम्ही विकतो म्हणाला नव्हतात. त्यांना कळवू या का?"

"ही काय म्हणाली होती?"

"काढायची."

"आणि मी?"

"काढू."

"मग तू काय चुकलीस? लग्न झाल्यापासून आमचं हेच चाललंय. ती म्हणते काढायची, मी म्हणतो काढू. ती तिचा अर्थ घेते, मी माझा. भांडण होत नाही." त्यांनी आरसा पुन्हा पुसला, तो स्वच्छच होता. "पण काल परक्या माणसासमोर म्हणाली ना, आता कसं फिरवायचं. म्हणजे तिच्या मनात खरंच होतं. मीच इतकी वर्षं चेष्टेवारी नेत होतो. आणि आता शब्द गेलाय, तो गेला."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी शेडमधून बाहेर आले आणि फाटक उलट्या बाजूला ओढत बसले.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "गाडी जायच्या आधी तिचा आवाज नीट घेऊन ठेव. मागच्या वेळी तुझ्या दादाने त्याच्यावर गाणं चढवलं. गाडी दाखवली का वरात, कळेना."

दादा मला घाटात सोडून तिसगावला कामाला गेला. या वेळी कॅमेरा नव्हता, फक्त आवाज; तिन्ही माईक पहिल्यासारखेच लावले, एक काकूंच्या पदरात. मी माथ्याजवळच्या वळणावर कठड्यापाशी उभी राहिले. काका-काकू खालून वर, वरून खाली, असे माझ्यासमोरून जात राहिले. गाडी लांबून येताना आधी नुसती गुणगुण ऐकू येते, मग वळणाआड ती गडप होते, आणि एकदम समोर फुटते. फार चांगले आवाज मिळाले. एवढं चांगलं काम मी आधी केलं नव्हतं, आणि त्याचीही लाज वाटत होती.

शेवटी काकांनी गाडी माझ्यापासून थोड्या अंतरावर उभी केली, इंजिन बंद केलं. मी हातानेच खूण केली की माईक राहू द्या. गरम इंजिन थंड होताना पत्रा टिकटिक वाजतो, तो आवाज मला हवा होता. काका सीताफळं घ्यायला रस्ता ओलांडून गेले. काकू गाडीतच.

टिकटिक सुरू झाली. आणि मग त्यांचा आवाज आला, हळू, अगदी माझ्या कानाच्या आत.

"चालली का गं बाई? मी आपली रोज म्हणायची, काढा, काढा. म्हणायचं असतंय. नवऱ्याला काहीतरी म्हणायला नको व्हय? खरंच काढतील असं कुनाला वाटलं हुतं."

त्यांनी डॅशबोर्डवर हात थोपटला. हेडफोनमध्ये कोणी दार ठोठावल्यासारखा आवाज झाला.

मी हेडफोन काढले, पण ऐकून झाल्यावर. काकूंनी मान वळवली. मला बघितलं, मग पदराकडे हात नेला. त्यांना माईक आठवला. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"ऐकलंस व्हय?"

"हो."

"यांना सांगू नको."

"पण काकू, काकांनासुद्धा विकायची नाहीये. त्यांना वाटतंय, तुम्हाला..."

"मला काय कळत न्हाई? लग्न काय काल झालंय आमचं?" त्या रागावल्या नव्हत्या, घाईत होत्या, कारण काका सीताफळं दाबून बघत होते आणि कधीही वळले असते. "त्या मानसाला शब्द दिलाय. आता जीव गेला तरी हे शब्द मोडायचे न्हाईत. मग मला नको हुती म्हणून दिली, असंच वाटू दे त्यांना. बायकोसाठी दिली म्हणून तरी बरं वाटंल. दोघांनाबी नको असताना गेली, हे कळलं तर लई लावून घेतील."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

काका पिशवी घेऊन आले. "काय गुजगोष्टी चालल्यात?"

"पोरीला विचारत हुते, माझा आवाज बरा येतो का. ती म्हणती, गाडीपेक्षा मोठा येतो."

काका मोकळेपणाने हसले. मीही हसले. ते हसू सुद्धा रेकॉर्डरमध्ये आहे.

दसऱ्याला मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दादा गेला. त्याने सांगितलं की काकांनी गाडीला झेंडूचा हार घातला, काकूंनी हळदकुंकू वाहिलं, आणि मग गाडी टेम्पोवर चढवली. पुण्याचा माणूस दोघांच्या पाया पडला.

दिवाळी झाल्यावर काकांनी आवाजाची फाईल मागितली. मी बरेच दिवस आजउद्या केलं. काकूंचं बोलणं असलेला तुकडा तेवढाच कापला असता तर मध्येच खड्डा कळला असता. म्हणून मी पदरातल्या माईकचा अख्खा ट्रॅकच बंद केला. बाकीचे दोन माईक ठेवले, सायलेन्सर आणि इंजिन. काकूंचा आवाज त्यांत कुठे शिरलाय का, हे मी पुन्हा पुन्हा तपासलं. नव्हता.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. काकू स्वयंपाकघरात होत्या. काकांनी हेडफोन लावले, डोळे मिटले. गाडी घाट चढायला लागली असावी, कारण त्यांचा उजवा पाय चटईवर हळूच दाबला गेला. मग डावा हात गिअरसारखा हलला. मी स्क्रीनकडे बघत बसले, त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"हिचा आवाज कुठाय?"

"त्या माईकवर वारा फार आला, काका. म्हणून काढला."

"वारा होय." त्यांनी थोडा वेळ ऐकलं. "आता गाडी उभी राहिलीय. टिकटिक येतेय. तेव्हाही वारा होता?"

मी ट्रॅकपॅडवर उगाच बोट फिरवत राहिले.

"मी सीताफळं घेत होतो ना, तेव्हा तिकडून बघत होतो. ही एकटीच बोलत होती. आणि तू कठड्यापाशी उभी होतीस, हेडफोन लावून."

ते आवाज न चढवता बोलत होते. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला. काकांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सांगतेय की काय अशी त्यांना भीती वाटल्यासारखं त्यांनी घाईने हात वर केला.

"सांगू नकोस. फक्त तेवढं परत लाव. गाडी उभी राहिली तिथून."

मी लावलं. त्यांनी दोन्ही कानांवर हेडफोन घट्ट धरले. टिकटिक, आणि बाकी काही नाही, हे मला माहीत होतं. त्या जागेच्या खाली, बंद ट्रॅकवर, काकूंचं बोलणं स्क्रीनवर करड्या रंगात दिसत होतं, छोट्या छोट्या टेकड्यांसारखं. त्यांना दिसू नये म्हणून मी लॅपटॉप थोडा माझ्याकडे वळवला.

काकू हात पुसत दारात आल्या.

"कधीचे बसलेत. आली का गाडी घाटावर?"

काकांनी डोळे उघडले नाहीत. हात पुढे करून त्यांनी काकूंना शेजारी बसण्याची खूण केली. काकू बसल्या. त्यांनी मला डोळ्यांनी विचारलं, सांगितलंस का, म्हणून. मी मान हलवली, नाही. ते खरं होतं.