लेकीच्या घरचे पाणी

झाशीतल्या सावलीची वाटणी करताना देवाची मोठी चूक झाली असून ती निस्तरण्याचे काम त्याने आपल्याकडे सोपवले आहे, अशी पक्की खात्री असलेली एकच व्यक्ती मी आयुष्यात पाहिली. ती म्हणजे तुमच्या आजोबांची आतेबहीण. तुम्ही लहान असताना इथे आलात, तेव्हा त्यांनी तुमच्या खिशांत कडुनिंबाच्या निंबोळ्या भरल्या होत्या आणि तुमच्या आईला ते कपडे धुताना कळले होते, एवढे तुम्हांला आठवत असेल. मी त्यांना वन्सं म्हणते. नणंदेला अशी हाक मारायची रीत आता महाराष्ट्रातसुद्धा फारशी उरली नाही म्हणतात. पण आम्ही झाशीकर मराठी माणसे, चहूकडून हिंदीने वेढलेली, जुने शब्द लोणच्यासारखे बरणीत मुरवत बसलो आहोत.

वन्संनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर सगळा भूगोल झाडांवर आणून ठेवला. सिविल लाइंसमध्ये एका जुन्या बंगल्याच्या आवारात, चिंचेखालच्या दोन खोल्यांत त्या राहतात. त्यांना कधी पत्ता विचारू नये. कुणी बँक विचारली, तर सांगतात, "अर्जुनापासून डावीकडे वळा, पुढच्या जांभळी सोडा, आणि डोक्यावर ऊन लागायला लागलं की समजा, रस्ता चुकलात." एकदा भर दुपारी त्यांनी एका निवृत्त कर्नलसाहेबांचे फाटक वाजवले आणि म्हणाल्या, "भाईसाहब, आपकी इमली की छाँव सड़क पर गिर रही है." कर्नलसाहेब झोपेतून उठून आलेले. गडबडून म्हणाले, "माफ़ कीजिए बहनजी, कल ही छँटवा देता हूँ." तेव्हा वन्सं कडाडल्या, "ख़बरदार! मैं तो धन्यवाद देने आई हूँ." लग्नकार्यांत तर त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नसे. जेवणे उरकली की पदर खोचून त्या लोकांच्या अर्ध्या टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या गोळा करत आणि मांडवाबाहेरच्या झाडाच्या मुळाशी रित्या करत. एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाच्या हातातली बाटली धरली. "पिणार आहात का?" तो बिचारा संकोचून नाही म्हणाला. "मग द्या इकडे." आपण सावलीत आणि समोरचा उन्हात, हे त्यांना मुळीच सोसत नसे. चैत्रात माझ्याकडे हळदीकुंकवाला त्या ई-रिक्षाने निघाल्या आणि वाटेत जो जो उन्हात उभा दिसला त्याला आत घेत घेत, एक भाजीवाली, तिची टोपली आणि कॉलेजच्या दोन अनोळखी मुली घेऊन दारात उतरल्या. आंब्याची डाळ पुरली. पन्हे पुरले नाही.

आता क्रमाने सांगते. रेल्वेच्या रुळांपलीकडे दगडफोड्यांची वस्ती आहे. आमच्याकडे इंग्रजांच्या काळापासूनची झाडे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी आहेत, आणि तिकडे नुसता पांढरा, तापलेला दगड. पाण्याचा टँकर येतो तो दुपारचा. त्याची वाट पाहत बाया उभ्या राहतात, रिकामी भांडी डोक्यावर पालथी घालून, म्हणजे तेवढीच सावली. बुंदेलीत उन्हाला घाम म्हणतात. तिथे उभे राहिले की हा शब्द मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वन्संनी हे दृश्य पाहिले आणि आठवडाभर त्यांना स्वतःच्या चिंचेखाली बसवेना. त्याच सुमारास आमच्या रस्त्यावर, आधीच्या मोठ्या झाडांच्या खाली, सरकारी रोपे लागली. वन्सं मला घेऊन कचेरीत गेल्या. तिथले साहेब सभ्य होते. म्हणाले, "मैडम जी, पौधे वहीं लगते हैं जहाँ बचते हैं. उधर न पानी, न माली." वन्संनी चष्मा पुसला. "मतलब, दवा उसी को मिलेगी जो पहले से तंदुरुस्त हो?" साहेबांनी चहा मागवला. आमच्या इकडे प्रश्न अवघड झाला की चहा येतो.

चहा न पिता त्या उठल्या आणि त्यांनी स्वतःचा तोडगा काढला. झाड म्हणजे लेक. सिविल लाइंस हे तिचे माहेर, वस्ती हे सासर. माहेरी तिला शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत वाढवायची, मग रीतसर पाठवणी करायची. आणि एकदा लेक दिली की रिकाम्या हाताने तिला भेटायला जायचे नाही, पाणी घेऊन जायचे. मी म्हटले, "वन्सं, कडुनिंब हा तर मुलगा." त्या म्हणाल्या, "सासरी जाते ती लेक, वहिनी. मग ती कुणीही असो."

पहिली पाठवणी मी विसरणार नाही. ई-रिक्षात मध्ये कडुनिंबाची कुंडी, तिला हिरवा खण गुंडाळलेला, ओटीचे तांदूळ आणि नारळ माझ्या मांडीवर, आणि वन्सं डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. त्यांनी लग्न केले नव्हते; पाठवणीचे रडणे त्यांना या निमित्ताने पहिल्यांदाच मिळत होते आणि त्यांनी त्यात कसूर केली नाही. टँकर थांबतो त्या जागेसमोर रामकलीचे घर आहे. वस्तीत तिचाच शब्द चालतो. वन्सं म्हणाल्या, "लड़की बिदा करके लाई हूँ. आज से तुम्हारी." बाया आधी हसल्या. मग त्यांनी ते आमच्या अपेक्षेपेक्षा फारच मनावर घेतले. इकडे लग्नात व्याह्यांच्या बायकांना गाण्यातून शिव्या देतात, त्याला गारी म्हणतात. खड्डा खणून होईस्तोवर त्यांनी वन्संच्या नाकापासून माझ्या छत्रीपर्यंत सगळ्याचा उद्धार केला. वन्सं मान डोलवत ऐकत होत्या. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मला अर्धेच कळले, आणि तेवढेच पुरले.

पुढे वन्सं पाण्याचा कॅन घेऊन जात तेव्हा रामकली विहिणीच्या तोऱ्यात, पोरीवरून, दारातूनच सुरू होई. "काए समधन, मायके में कछू खबाओ नईं हतो का? मोड़ी सूखत जा रई!"

"तुम्हारे यहाँ आकर सूखी है," वन्सं म्हणत. "हमारे यहाँ तो मोटी थी."

मग रामकली पाण्याचा लोटा पुढे करी आणि वन्सं हात जोडत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत, आणि बुंदेलखंडातही ती आहे. रामकलीलाही ती माहीत, म्हणून ती आग्रह करी पण रागवत नसे. मी म्हणे, "अहो वन्सं, झाड आहे ते!" त्या म्हणत, "रीत म्हणजे रीत."

दुसऱ्या वर्षीच्या वैशाखात टँकर येईनासा झाला. वस्तीतल्या बाया पार रुळांच्या अलीकडे येऊन आमच्या नळांवरून पाणी नेऊ लागल्या. वन्सं रोज जात होत्या. एका दुपारी ई-रिक्षा मिळाली नाही, तर कॅन उचलून पायीच गेल्या. सगळे पाणी झाडाला घातले, समोर आलेल्या लोट्याला हात जोडले, आणि तिथेच कोसळल्या. रामकली आणि इतर बायांनी त्यांना हातगाडीवर घालून, अंगावर ओल्या साड्या टाकून आणले. ओल्या साड्या! त्या दिवसांत!

उष्माघाताने त्या कितीतरी दिवस अंथरुणाला खिळल्या. खिडकीला वाळ्याचे पडदे लावलेले, खोलीत हिरवा अंधार, आणि त्या ग्लानीत झाडांची नावे घेत, जणू शाळेतली हजेरी. एकदा नीट जाग्या होऊन म्हणाल्या, "वहिनी, रीत वगैरे असू दे. अहो, एवढं उन्हात उभं राहून मिळवलेल्या पाण्यातला पेलाभर मी कोणत्या तोंडानं पिऊ? आणि आता तर त्यांना ठरवावं लागेल, पोरांना पाजायचं की झाडाला घालायचं. असं कुणाला ठरवायला लावू नये. निरोप पाठवा, झाड जाऊ द्या म्हणावं." एवढे बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केले. मी दूधवाल्याबरोबर निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याने उत्तर आणले आणि रामकलीच्याच ठसक्यात म्हणून दाखवले: "समधन से कइयो, बिदा कर दई सो कर दई. अब बहू हमाई है, हम जानें."

पाऊस लागल्यावर आम्ही गेलो. झाडावर एक विटकी साडी छपरासारखी बांधलेली, बुंध्याशी भांडी विसळल्याच्या पाण्याची राखट ओल, आणि शेंड्याला तांबूस पालवी. वन्संनी वाकून ती ओल बोटांनी चाचपली. रामकली बोलली, आणि बरेच बोलली.

यंदा त्या कडुनिंबाला पहिला मोहोर आला. ज्येष्ठात रामकलीने बोलावणे धाडले, तशा आम्ही दोघी काठ्या टेकत गेलो. आता टँकर येतो. सावली अजून लहान आहे, म्हणून बाया तिच्यात आळीपाळीने उभ्या राहतात. वन्सं सवयीने तिच्या कडेला, बाहेर उन्हात थांबल्या. रामकलीने त्यांना दंडाला धरून आत ओढले, तळहातावर हिरवी निंबोळी ठेवली आणि लोटा पुढे केला. "लो, नाती भए. अब तो पी लो, नानी."

वन्संनी त्या हिरव्या नातवाकडे खूप वेळ पाहिले. मग डोळे मिटून पाणी प्यायल्या. अर्धेच प्यायल्या; उरलेले वाकून मुळाशी ओतले. रामकली कपाळावर हात मारून म्हणाली, "जा आदत नईं जाने." खरेच, ही सवय काही जायची नाही.

तुमच्या आईच्या घरी मी पहिला घोट घेतला तो तुमच्यातल्या थोरल्याच्या जन्मानंतर. तिथल्या नळाचे ते गार पाणी अजून माझ्या जिभेवर आहे. तुमच्या गावी थंडीमुळे कडुनिंब जगत नाही, असे तुम्ही फोनवर म्हणालात, ते मी वन्संना अजून सांगितलेले नाही. त्या तुमच्यासाठी पुडीत निंबोळ्या बांधून बसल्या आहेत. दुपार कलते आहे. चिंचेची सावली आता भिंत ओलांडून रस्त्यावर गेली असेल, आणि वन्सं फाटकाशी उभ्या राहून, ती कुणाच्या डोक्यावर पडते ते पाहत असतील.