सावंतच्या टिपा

सुभाष सावंत सोमवारी अचानक वारला. बुधवारी त्याचं काम माझ्याकडे आलं.

मुलुंडच्या आमच्या रुग्णालयात आम्ही दोघं डेटाबेस सांभाळायचो. डेटाबेस म्हणजे पेशंटच्या सगळ्या नोंदी ठेवायचं कपाट. आमचा विकतचा होता, दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागत. त्या महिन्यात डायरेक्टर कर्णिक मॅडमनी विचारलं, “ओपन सोर्स फुकट मिळतं ना? मग थांबलोय कशाला?”

“सॉफ्टवेअर फुकट आहे मॅडम. सामान हलवणं फुकट नाही.”

“तीन महिने देते.”

मी सहा मागणार होते. मागितले नाहीत.

डेटाबेसच्या आत सावंतने शेकडो छोटे प्रोग्राम लिहिले होते. ते डेटाबेस विकणाऱ्या त्या एकाच कंपनीच्या भाषेत, म्हणजे नव्या जागी पुन्हा लिहिणं आलं. मधे मधे त्याच्या मराठी टिपा असायच्या. मी त्याला म्हणायचे, “अरे, सरळ मॅन्युअल लिही की.”

“मॅन्युअल कोण वाचतंय गो? तू पण नाय वाचणार.”

नव्या डेटाबेसच्या ट्रायलच्या आठवड्यात वॉर्डमधून शिंदे सिस्टरचा फोन आला. “ॲलर्जी विचारायची राहिली की स्क्रीन लाल व्हायची ना? आज एकदाही नाही झाली. आमच्या पोरी एवढ्या शहाण्या कधीपासून झाल्या?”

मी सावंतचा प्रोग्राम उघडला. वर टीप होती: ‘रकाना रिकामा म्हणजे विचारलंच नाही. ॲलर्जी नाही असं समजू नको.’

जुना डेटाबेस रिकामा रकाना ‘माहिती नाही’ असा धरायचा. नवा त्यालाही दिलेलं उत्तरच समजत होता, म्हणून स्क्रीन लाल होत नव्हती. प्रोग्राम मी तंतोतंत उतरवला होता. टीप गाळली होती, कारण ती फक्त टीप होती. ट्रायल नसती तर कुणाला तरी नको ते इंजेक्शन गेलं असतं.

मॅडमना मी हे सगळं सांगितलं, माझी चूकही. “प्रत्येक टीप वाचून प्रत्येक रकाना तपासायला हवा. तोवर जुन्याच्या लायसन्सचे पैसे अजून एक वर्ष भरा.”

“सावंतने अजून काय लिहून ठेवलंय?”

“बहुतेक सगळंच.”

त्यांनी सही केली.

आता रुग्णालय ओपन सोर्सवर चालतं. स्क्रीन वेळेवर लाल होते. फुकटच्या सॉफ्टवेअरचा खर्च जुनं समजून घेण्यात होतो. आमचा बराचसा खर्च सावंतने आधीच करून ठेवला होता, आणि त्याबद्दल त्याचे आभार मानायचे राहून गेले.

त्याच्या टिपा नव्या प्रोग्राममध्ये जशाच्या तशा आहेत. डेटाबेसचं काम आता मी एकटी बघते.