कुरडयांचं ऊन

"ऊन खेचून घेतं ते. नाहीतर माझ्या कुरडया चौथ्या दिवशीपण अशा लिबलिबीत राहतात?"

मी गच्चीच्या दारातच थांबले. बोलत होत्या खालच्या मजल्यावरच्या काकू, ऐकत होते सोसायटीचे सेक्रेटरी. आणि 'ते' म्हणजे पाण्याच्या टाकीवरचं माझं यंत्र. काचेचा छोटा घुमट, आत काळी चकती. ऊन जितकं पडेल तितकी चकती तापायची आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या घरात, एक पेन कागदावर रेघ काढत राहायचं. आज भर दुपारी ती रेघ शून्यावर आली म्हणून मी धावत वर आले होते. काकूंनी घुमटावर पातेलं पालथं घातलं होतं.

एमएस्सीच्या प्रबंधासाठी वर्षभराच्या सलग नोंदी हव्या होत्या. अकरा महिने झाले होते. एखादा तास बुडाला तर चाललं असतं. यंत्र उतरवलं, तर सरांनी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करायला लावली असती.

"या, मॅडम. संध्याकाळपर्यंत हे खाली घ्या," सेक्रेटरी म्हणाले. "कंप्लेंट आहे."

"मराठी कळतं का विचारा आधी. इंग्लिश मीडियम ना ती!"

दोघंही हसले.

कुरडया का वाळत नव्हत्या ते माझ्या कागदावर होतं. एप्रिल चालू होता, सूर्य रोज वर चढत होता, तरी दुपारची रेघ खाली सरकत होती. रबाळ्याकडचे कारखाने, डोंगर फोडणारे खडीचे क्रशर. त्यांच्या धुरळ्यात ऊन विखरत होतं, थोडं तिथंच मुरत होतं. रात्री उलट. जमिनीतून निघालेली उष्णता खाडीवरची दमट हवा वर जाऊ देत नव्हती, म्हणून उकाडा. परीक्षेत मी हे चार पानं लिहिलं असतं. इंग्रजीत.

मला ती दोघंही आवडत नव्हती. जिन्यात काकू समोर आल्या की मी भिंतीला चिकटून वाट द्यायचे आणि त्या ती हक्कानं घ्यायच्या.

सेक्रेटरींनी चप्पल काढली, टाकीच्या शिडीवर पाय ठेवला आणि वायरीला हात घातला.

"सोडा ती वायर," मी म्हणाले. "ओढलीत तर या सगळ्या कुरडया मी खाली रस्त्यावर फेकीन. ऊन वर धुरळ्यातच अडतंय, काकू, माझ्या यंत्रात नाही. पातेलं उचला."