रकाना नसलेला आकडा

आमच्या आरोग्य गटाची पत्रकं ओरडायची. मजकूर मीच लिहायचे. ‘प्रेशर तपासत नाही? मग जिवाला तुम्हीच जबाबदार!’ भुईगावात दर रविवारी मिस्सा सुटली की चर्चबाहेर टेबल मांडून आम्ही फुकट प्रेशर तपासायचो, आकडे कार्डावर लिहून द्यायचो. रकाने दोनच, वरचं आणि खालचं. यंत्र तिसरा आकडाही दाखवतं, नाडीच्या ठोक्यांचा. तो नको, लोक गोंधळतात, हे मीच ठरवलं होतं.

शेजारची मावशी नेमाने यायची. तिला डॉक्टर दोन: गावातला जुना आणि मुलाने दाखवलेला वसईतला. गोळ्या दोघांच्याही घ्यायची आणि जुन्याला वाईट वाटेल म्हणून कुणालाच सांगायची नाही, हे नंतर कळलं. त्या रविवारी एकशे चोवीस-अठ्ठ्याहत्तर आलं.

“बघा, मावशी पहिल्या नंबरानं पास!” मी रांगेला ऐकवलं.

“पन जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी येते गो.”

“उपास करत असशील.”

“मी? पापलेट सुटत नाय माझ्यानं!”

सगळे हसले. यंत्रावर खाली ठोके सेहेचाळीस होते, साठाच्याही खूप आत. मी पाहिले. रकाना नव्हता, लिहिले नाहीत.

मंगळवारी ती मोरीत पडली. दवाखान्यात ठोके अडतीस. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून दाखवली. एका गोळीत प्रेशरबरोबर हृदयाची गतीही कमी करणारं औषध; दुसरीत दोन औषधं एकत्र, त्यातलं एक त्याच जातीचं. नावं वेगळी, काम एकच.

“नाडी कुणी बघितलीच नाही?” त्यांनी विचारलं.

“ही तर दर आठवड्याला तपासायची,” सून माझ्याकडे बघत म्हणाली. कौतुकानं.

दोन दिवस मनातल्या मनात पत्रकं लिहिली. एकमेकांची चिठ्ठी न बघता गोळ्या देणाऱ्यांनो, जाब द्या! द्यायलाच हवा. पण सेहेचाळीस त्यांनी पाहिले नव्हते. मी पाहिले होते.

डॉक्टरांनी औषधं बदलली, ठोके साठावर आले. त्या दिवशी वॉर्डाबाहेर मी सुनेला सगळं सांगितलं. ती जेवणाच्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत राहिली. ‘असू दे’ म्हणाली नाही.

“हे त्यांना तूच सांग,” ती म्हणाली. “आत जाग्या हायेत.”

मी आत गेले.