दस्तीखालची सवय

माझ्या डाव्या कानात एक शिट्टी वाजते. कुकरची वाजते तशी, फक्त ही उतरत नाही. जेवताना, बोलताना, देवळात, सगळीकडे. सुरुवातीला मी घरात खेकसायचो, टीव्ही बंद करा म्हणून. टीव्ही बंदच असायचा.

बायकोच्या मनात वेगळीच भीती बसली होती. माझ्या डोक्यात गाठ वाढतेय आणि मी ती लपवतोय, असं तिनं धरून ठेवलं होतं. मी वसकन अंगावर गेलो तरी ती गप्प राहायला लागली. एरवी एका शब्दाला दहा शब्द ऐकवणारी बाई. तिचं ते गप्प राहणं मला शिट्टीपेक्षा जड जात होतं.

कानाचे डॉक्टर म्हणाले, औषध नाही, सवय करून घ्या. असं सांगणाऱ्याच्या कानात एक दिवस ही शिट्टी घालावी, असं फार वाटलं. पण वाटही त्यांनीच दाखवली. शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात माझ्यासारख्यांच्या मेंदूचे फोटो काढून अभ्यास चालला होता. बाहेरचा आवाज पडला की मेंदूचा कोणता भाग जागा होतो आणि आतला आवाज कुठं असतो, हे त्यांना पाहायचं होतं. ज्यांना जास्त त्रास, त्यांच्यावर पुढं नवे उपचार करून बघणार होते. मला त्या जास्त त्रासवाल्यांत जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला आडवं झोपवलं, डोक्यावर पिंजरा बसवला आणि मशीनच्या बोगद्यात सरकवलं. हलायचं नाही. नाक खाजलं तरी तसंच पडून राहायचं. अंगावर चादर, चादरीखाली उजव्या हाताच्या बोटांशी पाच बटणं. मशीन घणासारखं ठोकायचं, मग थांबायचं. कानात एक सूर वाजायचा आणि डोळ्यांपुढच्या आरशात प्रश्न दिसायचा: तुमच्या कानातला आवाज आत्ता किती आहे? अंगठा म्हणजे अगदी कमी, करंगळी म्हणजे सहन न होणारा.

मशीन थांबलं की शिट्टी दुप्पट व्हायची. उठून पळावं तर उठायला जागा नव्हती. करंगळी दाबायची, एवढंच काम होतं. मी दाबलं अंगठ्याशेजारचं बोट.

मी बैलबाजारातला दलाल. उभी हयात कळमनुरीच्या बाजारात दस्तीखाली, म्हणजे रुमालाखाली, समोरच्याचा हात धरून, बोटं दाबून भाव करण्यात गेली. बैल कितीही मनात भरलेला असो, पहिल्यांदा कमीच सांगायचं. गरज दिसली की सौदा गेला. इथं हात झाकलेला, विचारणारा समोर, आणि माझी बोटं आपणहून बाजारात गेली. वाटलं, आता पलीकडून ताणतील, मग आपण चढत जाऊ. पण मशीन कसली घासाघीस करतंय! मी दिलं तेवढं निमूट घेत गेलं. माझ्या डोक्यात उजेड पडून करंगळी हलेपर्यंत मला बाहेर ओढलंसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी मला आणि बाहेर थांबलेल्या बायकोला समोर बसवलं.

"गाठ वगैरे काही नाही, काका. आणि आवाजही तुम्हीच कमी सांगितलाय. पुढच्या उपचारांना तुम्हाला बोलवायची गरज पडणार नाही."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात बायको म्हणाली, "कमी हाय? खरंच कमी हाय?" आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडायला लागली. "आवो, मंग सांगायचं न्हाई का! मी काहून एवढं जिवाला लावून घेतलं!"

डॉक्टरीणबाई, माझं चुकलं, पुन्हा एकदा आत घाला, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते बायकोसमोर बोलावं लागणार होतं. मी नमस्कार करून उठलो. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

परतीच्या बसमध्ये वारंगा फाटा येईपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. खिडकी लावा, पाय नीट घ्या, कंडक्टरशी काहून भांडता. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "आत्ता येऊन राहिला का आवाज?"

शिट्टी इंजिनाच्याही वर चढली होती.

"न्हाई," मी म्हणालो.

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. तेव्हापासून ती रोज विचारते आणि मी रोज तेच सांगतो.